खाजणातील दोन तलाव : उपयुक्त जिवाणू, अमोनिया आणि एका कोळंबी प्रकल्पातील दोन आठवड्यांचे निर्णय

पार्श्वभूमी

हे प्रकरण पालघर जिल्ह्यातील एका खाडीकाठच्या कोळंबी प्रकल्पात उन्हाळी हंगामात घडले. मालक आणि गाव ओळखू येऊ नयेत म्हणून नावे गाळली आहेत आणि आकडे जवळच्या पूर्ण आकड्यांत दिले आहेत. प्रकल्पात खाजण जमिनीत खोदलेले चार तलाव आहेत. प्रत्येक तलाव अर्ध्या हेक्टरचा असून सरासरी खोली १.४ मीटर आहे, म्हणजे एका तलावात सुमारे ७,००० घनमीटर पाणी मावते. खाडीचे पाणी भरतीच्या वेळी पंपाने साठवण तलावात घेतले जाते, तेथे ब्लीचिंग पावडरने निर्जंतुक केले जाते आणि क्लोरीन उडून गेल्यावर संगोपन तलावांत सोडले जाते. निचऱ्याच्या पाण्यासाठी वेगळा तलाव आहे. सांडपाणी थेट खाडीत जात नाही, ही या प्रकल्पाची पहिल्यापासूनची जमेची बाजू होती.

तलावांत व्हनामी कोळंबी होती. ही जात मूळची मध्य व दक्षिण अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरची असून भारतात तिच्या संगोपनाला २००९ मध्ये परवानगी मिळाली. कोस्टल अॅक्वाकल्चर ऑथॉरिटी या केंद्रीय नियामक संस्थेच्या नियमांनुसार चौरस मीटरला ६० पर्यंत बीज सोडता येते. येथे फेब्रुवारीच्या अखेरीस तलाव २ आणि ३ मध्ये चौरस मीटरला ४० या घनतेने, म्हणजे प्रत्येकी दोन लाख बीज सोडले होते. तलाव १ आणि ४ मध्ये बीज नंतर सोडल्यामुळे तेथील कोळंबी लहान होती, आणि या प्रकरणात त्या तलावांचा संबंध बेताचाच आहे.

जिवाणूंचा वापर या प्रकल्पाला नवा नव्हता. बाजारात मिळणारी ‘पाण्याच्या प्रोबायोटिक’ची पूड दर आठवड्याला गूळ, भाताचा कोंडा आणि थोडे यीस्ट यांच्यासह पिंपात एक दिवस आंबवून तलावात टाकली जात असे. पाकिटावर सात प्रकारच्या जिवाणूंची नावे होती. त्यांत बॅसिलसच्या जातींबरोबर नायट्रोसोमोनास आणि नायट्रोबॅक्टर यांचीही नावे होती. पूड कोणत्या दिवशी टाकली याची नोंद वहीत होती, परंतु टाकण्यापूर्वी आणि नंतर पाण्यात काय बदलले याची नोंद नव्हती. प्रस्तुत लेखकाकडे पाण्याच्या तपासण्यांचा अर्थ लावण्याचे आणि मालकांपुढे पर्याय मांडण्याचे काम होते. अंतिम निर्णय प्रत्येक वेळी मालकांचा होता.

अडचण

बीज सोडल्यापासून ६० व्या दिवसाच्या आसपास चेक ट्रेमध्ये, म्हणजे कोळंबी किती खाते हे पाहण्यासाठी तलावात ठेवलेल्या थाळीत, खाद्य उरू लागले. रात्रपाळीच्या कामगाराने पहाटे कोळंबी काठाशी येऊन पृष्ठभागाजवळ फिरत असल्याचे पाहिले आणि “दादा, पाणी जड झालंय,” असे मालकांना सांगितले. हातात कोणतेही उपकरण नसताना केलेले हे निरीक्षण पुढच्या सगळ्या तपासण्यांनी खरे ठरवले.

६२ व्या दिवशी तलाव २ मध्ये एकूण अमोनिया लिटरला २.४ मिलिग्रॅम आणि तलाव ३ मध्ये २.२ मिलिग्रॅम आढळला. नायट्राइट दोन्हीकडे ०.६ च्या आसपास होते. सामू (पीएच) सकाळी ७.७ होता आणि दुपारी तीनला ८.८ पर्यंत चढत होता. पहाटेचा विरघळलेला ऑक्सिजन २.६ मिलिग्रॅमवर आला होता. तो ४ च्या खाली जाऊ नये, अशी अपेक्षा असते. क्षारता, म्हणजे सामूचे चढउतार थोपवण्याची पाण्याची क्षमता, बीज सोडताना १४० होती ती ८८ वर उतरली होती. पाण्याची खारटता दर हजारी ३० होती. विब्रिओ जिवाणूंच्या तपासणीसाठी टीसीबीएस माध्यमावर केलेल्या लागवडीत पिवळ्या वसाहतींपेक्षा हिरव्या वसाहती अधिक होत्या. हिरव्या वसाहतींत कोळंबीला घातक ठरू शकणाऱ्या विब्रिओ पॅराहिमोलिटिकससारख्या जाती असू शकतात. केवळ रंगावरून रोगाचे निदान होत नाही, पण हा रंग वाढू लागला की सावध व्हावे लागते. पांढरे ठिपके रोगाचा विषाणू आणि ईएचपी हा सूक्ष्म परजीवी या दोन्हींच्या पीसीआर चाचण्या नकारात्मक आल्या. हा निकाल महत्त्वाचा होता, कारण तो सकारात्मक आला असता तर पुढच्या चर्चेला अर्थच उरला नसता.

आकड्यांचा अर्थ

अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो. आयनीभूत रूप तुलनेने निरुपद्रवी असते आणि मुक्त रूप विषारी असते. दोहोंचे प्रमाण मुख्यतः सामू आणि तापमान यांवर ठरते. ३० अंशांच्या आसपासच्या खाऱ्या पाण्यात सामू ७.७ असताना एकूण अमोनियाचा तीन-चार टक्के भाग मुक्त असतो, तर सामू ८.८ झाला की हा भाग चौथा हिस्सा ओलांडतो. म्हणजे तलाव २ मध्ये सकाळी लिटरला ०.१ मिलिग्रॅमपेक्षाही कमी असलेला मुक्त अमोनिया त्याच दिवशी दुपारी ०.६ च्या पुढे जात होता. प्रकल्पावर अमोनियाची तपासणी नेहमी सकाळी सात वाजता होत असल्यामुळे वहीतले आकडे काळजी वाटण्याजोगे दिसत नव्हते, आणि कोळंबीला खरा त्रास मात्र दुपारी होत होता.

हा अमोनिया येतो कोठून, याचा हिशेब फारसा अवघड नाही, तरीही अनेक प्रकल्पांवर तो कधीच मांडला जात नाही. येथे ३५ टक्के प्रथिनांचे खाद्य दिवसाला ७८ किलो जात होते. प्रथिनांत सुमारे १६ टक्के नायट्रोजन असतो, त्यामुळे रोज ४.४ किलो नायट्रोजन एका तलावात पडत होता. त्यातला साधारण चौथा भाग कोळंबीच्या अंगी लागतो आणि उरलेला विष्ठा, उत्सर्ग व न खाल्लेले खाद्य यांच्या रूपाने पाण्यात व गाळात जातो. ७,००० घनमीटर पाण्यात हा भार रोज लिटरला सुमारे ०.४५ मिलिग्रॅम इतका होतो. एवढा भार वनस्पती-प्लवक (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती) आणि जिवाणू रोजच्या रोज पचवत होते, म्हणूनच इतके दिवस काही बिघडले नव्हते. पाग टाकून केलेल्या नमुना मोजणीत सरासरी वजन ११ ग्रॅम आणि जगण्याचे प्रमाण सुमारे ८५ टक्के आढळले, म्हणजे तलावात १,८७० किलोच्या आसपास कोळंबी होती. खाद्य मात्र छापील तक्त्यानुसार, ९५ टक्के कोळंबी जिवंत आहे असे धरून दिले जात होते.

क्षारता का घसरली, याचे मुख्य उत्तरही याच साखळीत आहे. अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे, म्हणजे नायट्रीकरण करणारे जिवाणू दर ग्रॅम नायट्रोजनमागे ७ ग्रॅमहून थोडी अधिक क्षारता आणि साडेचार ग्रॅमहून अधिक ऑक्सिजन खर्च करतात. तलावात हे जिवाणू आपणहून काम करत होते, याचा क्षारतेची घट हाच पुरावा होता. कात टाकल्यावर नवे कवच घडवण्यासाठी कोळंबीही पाण्यातून कॅल्शियम आणि कार्बोनेट घेते, हा दुसरा खर्च. या दोन्हींची भरपाई न झाल्यामुळे सामू दिवसभर स्थिर राहीना.

पाकिटावरच्या सात नावांविषयी येथे थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे, कारण मालकांची सगळी भिस्त त्यांच्यावर होती. बॅसिलस जिवाणू बीजाणू तयार करतात. त्यामुळे ते कोरड्या पुडीत महिनोन्महिने टिकतात आणि ओलावा व अन्न मिळताच वेगाने वाढतात. ते सेंद्रिय गाळ कुजवतात, विब्रिओशी अन्न व जागेसाठी स्पर्धा करतात, आणि कार्बन पुरेसा असेल तर स्वतःच्या वाढीसाठी पाण्यातला अमोनिया शोषून घेतात. कार्बन कमी असेल तर मात्र प्रथिनयुक्त गाळ कुजवताना ते अमोनिया पाण्यात सोडतात. ही दुसरी बाजू विक्रीच्या माहितीपत्रकांत सहसा आढळत नाही. नायट्रोसोमोनास आणि नायट्रोबॅक्टर बीजाणू तयार करत नाहीत, दुप्पट व्हायला त्यांना कित्येक तास, प्रतिकूल स्थितीत दिवससुद्धा लागतात, आणि ते पृष्ठभागाला चिकटून राहणे पसंत करतात. कोरड्या पुडीतून ते जिवंत आणि कामाच्या संख्येने तलावात पोहोचतील, ही अपेक्षा धरता येत नाही. गूळ-कोंड्याच्या पिंपात तर त्यांची वाढ होण्याचे काही कारणच नाही, कारण त्यांचे अन्न गूळ नसून अमोनिया किंवा नायट्राइट असते. पुडीचा नमुना प्रयोगशाळेत लावून पाहिला तेव्हा बॅसिलसच्या वसाहती उगवल्या, परंतु लेबलवरच्या संख्येच्या मानाने त्या पुष्कळ कमी होत्या.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय लगेच कोळंबी काढण्याचा होता. ११ ग्रॅमची कोळंबी किलोला ९० च्या आसपास बसते आणि त्या आकाराला भाव कमी मिळतो. खर्च निघाला नसता, पण जे होते ते हातचे गेले नसते. मालकांच्या घरच्यांचा कल याच पर्यायाकडे होता, आणि तो अविचारी मुळीच नव्हता.

दुसरा पर्याय पाणी बदलण्याचा होता. साठवण तलावात निर्जंतुक पाणी एका तलावाचे जेमतेम १५ टक्के पाणी बदलता येईल एवढेच होते. खाडीतून थेट पाणी घ्यावे, तर वरच्या अंगाच्या एका प्रकल्पात पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आल्याची खबर होती. स्वच्छ पीसीआर अहवाल हाती असताना असे पाणी आत घेणे म्हणजे सुटू शकणाऱ्या अडचणीच्या बदल्यात न सुटणारी अडचण पत्करणे ठरले असते. हा पर्याय सर्वांनी एकमताने बाजूला ठेवला.

तिसरा पर्याय एका विक्रेत्याने सुचवला : आधी जंतुनाशकाने विब्रिओ मारावेत, मग पुडीची मात्रा दुप्पट करावी आणि अमोनिया शोषण्यासाठी झिओलाइट टाकावे. जंतुनाशक विब्रिओ निवडून मारत नाही. त्याच्या तडाख्यात प्लवक आणि अमोनिया पचवणारे स्थायिक जिवाणूही येतात. मेलेल्या जिवाणू-प्लवकांतून सुटलेल्या अन्नावर सर्वांत आधी झपाट्याने वाढणाऱ्यांत विब्रिओच असतात, त्यामुळे काही दिवसांत त्यांची संख्या पूर्वीपेक्षा जास्त होण्याचा धोका असतो. झिओलाइट गोड्या पाण्यात अमोनिया धरून ठेवते. ३० खारटतेच्या पाण्यात सोडियमचे आयन इतके असतात की त्याच्या जागा आधीच भरून जातात. त्याच विक्रेत्याने ‘आतड्याचे औषध’ म्हणून घटकांची यादी नसलेली एक पूडही देऊ केली होती. निर्यातीच्या मालात प्रतिजैविकाचा अंश सापडला तर संपूर्ण खेप नाकारली जाते. घटक ठाऊक नसलेली वस्तू खाद्यात मिसळायची नाही, हा निर्णय मालकांनी क्षणाचाही विलंब न लावता घेतला.

चौथा पर्याय भरपूर गूळ घालून बॅसिलसकडून अमोनिया शोषून घेण्याचा होता. तत्त्वतः तो बरोबर आहे, आणि म्हणूनच त्याचा हिशेब करणे भाग होते. एका तलावातला अमोनिया लिटरला १ मिलिग्रॅमने उतरवायचा म्हणजे ७ किलो नायट्रोजन शोषायचा. त्यासाठी १०० किलोहून अधिक शर्करा, म्हणजे सुमारे १२० किलो गूळ लागतो. हा गूळ वापरताना जिवाणू ३३ किलोच्या आसपास ऑक्सिजन घेतात, आणि पहाटे संपूर्ण तलावात मिळून १८ किलोच ऑक्सिजन होता. नायट्रीकरण करणाऱ्या जिवाणूंनाही तेवढ्याच नायट्रोजनसाठी जवळपास तेवढाच ऑक्सिजन लागतो. फरक वेगाचा आहे : गूळ मिळालेले बॅसिलस तो ऑक्सिजन एक-दोन दिवसांत ओढतात. एकदम गूळ टाकला असता तर अमोनिया उतरण्याआधी कोळंबी गुदमरली असती. इतकी वर्षे आठवड्याला पाच किलो गूळ टाकूनही काही विपरीत घडले नाही याचे कारण असे, की एवढ्याशा गुळाने काहीच मोठे घडत नव्हते.

पाचवा पर्याय खाद्य कमी करणे, ऑक्सिजन वाढवणे, गाळ काढणे, क्षारता भरून काढणे आणि त्यानंतरच मोजून-मापून जिवाणू व गूळ देणे असा क्रमाचा होता. तो निवडला गेला.

काय केले

६३ व्या दिवशी सकाळचे खाद्य थांबवले आणि त्यानंतर ते दिवसाला ४० किलोवर आणून चेक ट्रे पाहूनच पुढची खेप द्यायची असे ठरले. खाद्य कमी करण्याला मालकांचा विरोध होता, कारण वाढ खुंटेल ही भीती खरी होती. रोजचा भार ०.४५ वरून ०.२५ च्या खाली येतो, हा हिशेब कागदावर मांडल्यावर ते तयार झाले. अमोनिया कमी करण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग तो पाण्यात न घालण्याचा आहे, आणि संपूर्ण प्रकरणात एवढा परिणामकारक दुसरा निर्णय झाला नाही असे माझे मत आहे.

प्रत्येक तलावात एक अश्वशक्तीचे चार पॅडलव्हील एरेटर (पाणी घुसळून त्यात हवा मिसळणारी यंत्रे) होते. एका अश्वशक्तीमागे ४०० ते ५०० किलो कोळंबी या ढोबळ मापाने ते काठावर पुरेसे होते. पण विजेची बचत म्हणून त्यातले दोन मध्यरात्रीपर्यंत बंद असत. तलाव १ व ४ मधून एकेक आणि भाड्याने दोन आणून प्रत्येक अडचणीच्या तलावात सहा एरेटर केले आणि संध्याकाळपासून सकाळी आठपर्यंत ते सर्व चालू ठेवले. जास्तीचा ऑक्सिजन कोळंबीइतकाच जिवाणूंसाठी होता.

एरेटरच्या प्रवाहाने गाळ तलावाच्या मध्यभागी गोळा होतो. तो काळा पडला होता आणि ढवळल्यास सडक्या अंड्यासारखा हायड्रोजन सल्फाइडचा वास येत होता. गाळ पंपाने उपसून निचरा तलावात नेला. हे काम सकाळी दहानंतर, ऑक्सिजन चढल्यावर आणि गाळ शक्य तितका न ढवळता केले. तलाव २ मध्ये ते पूर्ण झाले. तलाव ३ मध्ये पाइपाची लांबी अपुरी पडल्यामुळे मधला सुमारे अर्धा गाळ तसाच राहिला. या अपूर्ण कामाचे परिणाम पुढे दिसले.

क्षारतेसाठी कळीचा चुना सर्वांत स्वस्त होता, परंतु तो सामू एकदम चढवतो, आणि अमोनिया जास्त असताना सामू चढवणे म्हणजे त्याचे विषारी रूप वाढवणे. म्हणून खाण्याचा सोडा वापरला. तो महाग पडतो आणि लागतोही पुष्कळ : ७,००० घनमीटर पाण्यात क्षारता १० मिलिग्रॅमने वाढवायला जवळपास १२० किलो. तीन रात्री, रात्री दहानंतर, प्रत्येक तलावाला तो दिला. सामूचा दुपारचा चढ पाच दिवसांत ८.४ पर्यंत खाली आला.

आता जिवाणूंचा प्रश्न होता. ऑक्सिजन पहाटे ४ च्या वर राहू लागल्यानंतर, ६५ व्या दिवसापासून, तलाव २ मध्ये बॅसिलस आणि रोज सकाळी नऊला १२ किलो गूळ असे पाच दिवस द्यायचे ठरले. तलाव ३ मध्ये पुडी न टाकता बाकीचे सर्व उपाय तसेच ठेवायचे, असा प्रस्ताव मी मांडला. दोन्ही तलाव संकटात असताना एकाला ‘औषध’ न देणे मालकांना कठोर वाटले. त्यांनी दोन दिवस विचार केला, आणि दर सकाळी व दुपारी तपासणी होईल, अमोनिया वाढताना दिसल्यास तलाव ३ लाही पुडी दिली जाईल, या अटीवर मान्यता दिली. आंबवण्याची पद्धतही बदलली. उघड्या पिंपात खाडीचे पाणी वापरले जात होते, ज्यात विब्रिओही वाढू शकतात. त्याऐवजी उकळून गार केलेले पाणी, झाकलेले पिंप आणि सतत हवा यांचा वापर केला, आणि दर खेपेचा थेंब टीसीबीएसवर लावून पाहिला.

पाच दिवसांत तलाव २ चा अमोनिया २.४ वरून १.३ वर आणि तलाव ३ चा २.२ वरून १.४ वर आला. दोहोंतील फरक ०.३ मिलिग्रॅमचा होता. एवढ्या गुळातून जास्तीत जास्त अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास परिणाम अपेक्षित होता, त्यामुळे हा फरक जिवाणूंचा असू शकतो. पण प्रकल्पावरील रंग जुळवून पाहण्याच्या किटची चूकही साधारण एवढीच असते. हिरव्या वसाहती तलाव २ मध्ये स्पष्टपणे कमी झाल्या, तलाव ३ मध्ये किंचित कमी झाल्या.

वळिवाचा पाऊस

७१ व्या दिवशी संध्याकाळी वळीव कोसळला. वीज गेली आणि जनरेटर सुरू व्हायला दीड-दोन तास गेले. पावसाचे गोडे पाणी हलके असल्यामुळे वर तरंगते आणि खालच्या खाऱ्या पाण्यापर्यंत हवा पोहोचू देत नाही. उघाडीच्या (पाणी सोडण्याच्या दाराच्या) वरच्या फळ्या काढून हा थर वाहू दिला, तरी रात्र एरेटरविना गेलेल्या दोन तासांची किंमत मोजूनच गेली. पुढचे दोन दिवस आभाळ भरलेले होते.

तलाव २ मध्ये पारदर्शकता ३२ सेंटिमीटरवरून ४० वर गेली, अमोनिया १.० वरून १.५ वर गेला आणि तेथेच थांबला. तलाव ३ मध्ये प्लवक कोसळले. पाण्याचा हिरवा रंग जाऊन ते गढूळ व फेसाळ झाले, पारदर्शकता ६० सेंटिमीटरवर पोहोचली, पहाटेचा ऑक्सिजन १.९ झाला आणि मेलेल्या प्लवकातून सुटलेल्या नायट्रोजनमुळे अमोनिया १.२ वरून २.८ वर उसळला. मधल्या शिल्लक गाळाचा वास काठावरून येत होता. चेक ट्रेमध्ये मऊ कवचाची मेलेली कोळंबी सापडू लागली. अमावास्या जवळ असल्यामुळे पुष्कळ कोळंबी कात टाकत होती, आणि कात टाकताना तिला ऑक्सिजनची गरज सर्वाधिक असते.

तलाव ३ मध्ये आता पुडी टाकावी का, हा प्रश्न पुन्हा आला. ऑक्सिजन २ च्या खाली असताना गूळ आणि वाढते बॅसिलस देणे धोक्याचे होते, म्हणून नकार दिला. खाद्य पूर्ण थांबवले, तलाव २ मधून हिरवे पाणी थोडे वळवून प्लवकाचे बीज दिले, आणि चार दिवस वाट पाहिली. रोजची मरतूक थांबेना. ७६ व्या दिवशी तलाव ३ मधील कोळंबी काढण्याचा निर्णय मालकांनी घेतला.

निष्पत्ती

तलाव ३ मधून सरासरी १३.२ ग्रॅमची सुमारे १,९१० किलो कोळंबी निघाली. एक किलो उत्पादनामागे दीड किलो खाद्य लागले होते. तलाव २ पेक्षा सुमारे तीन आठवडे आधी, कमी आकारावर तो रिकामा झाला आणि हिशेब तोट्यात गेला, परंतु कोळंबी सडून वाया गेली नाही. तलाव २ जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, ९८ व्या दिवसापर्यंत चालला. तेथून २० ग्रॅमची ३,००० किलो कोळंबी निघाली, खाद्याचे प्रमाण १.४ राहिले. खाद्य निम्म्यावर आणूनही वाढ आठवड्याला पावणेदोन ग्रॅमच्या आसपास होती, म्हणजे पूर्वीचे जादा खाद्य कोळंबीच्या अंगी लागतच नव्हते. काढणीचे पाणी आणि गाळ निचरा तलावात निवळू दिल्यानंतरच बाहेर सोडले.

तलाव २ वाचला तो जिवाणूंमुळे, असे मालकांचे म्हणणे आहे. त्यांच्या या म्हणण्याला आधार आहे, पण तेवढा आधार त्या तलावातून पूर्ण काढलेल्या गाळालाही आहे, आणि दोहोंपैकी कोणाचा वाटा किती, हे या आकड्यांवरून वेगळे काढता येत नाही. पुडी एकाच तलावात दिली आणि गाळही नेमका त्याच तलावातून पूर्ण निघाला. खात्रीने एवढे म्हणता येते, की ऑक्सिजन आणि खाद्य यांची घडी बसण्याआधीच्या आठ आठवड्यांत तीच पुडी दर आठवड्याला पडत होती आणि तरीही अमोनिया २.४ पर्यंत पोहोचला होता.

काय वेगळे करता आले असते

गाळाचा पाइप हा या प्रकरणातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महाग पडलेला घटक होता. तलाव ३ मध्ये उपसा अर्धवट राहिला तेव्हाच लांब पाइप भाड्याने आणायला हवा होता. तो एका दिवसाच्या खर्चाचा प्रश्न होता, आणि त्याने तलाव तर कदाचित वाचला असताच, शिवाय दोन तलावांची तुलनाही प्रामाणिक झाली असती.

जनरेटर दर आठवड्याला भार देऊन चालवून पाहणे आणि मे महिन्यात आभाळ भरून आले की संध्याकाळचे खाद्य आधीच कमी करणे, या दोन गोष्टी वळिवाच्या आधी करता येण्याजोग्या होत्या. अमोनिया आणि सामू दुपारी तीनलाही मोजला असता तर त्रास दहा-बारा दिवस आधी कळला असता. क्षारता आठवड्यातून एकदा मोजली असती तर खाण्याच्या सोड्याऐवजी डोलोमाइट हप्त्याहप्त्याने देऊन तेच काम फार कमी खर्चात झाले असते.

जिवाणू कधी द्यायचे, हाही विचार पुन्हा करायला हवा. क्लोरीनने धुतलेले पाणी जवळपास रिकामे असते आणि त्यात जे आधी शिरतील ते आधी पसरतात. बॅसिलसचा उपयोग तलाव तयार करताना, बीज सोडण्यापूर्वीच्या आठवड्यात आणि गाळ साचू लागण्याआधी अधिक होतो, ६५ व्या दिवशी नव्हे. नायट्रीकरण करणारे जिवाणू पुडीतून आणण्याऐवजी त्यांना चिकटायला जागा द्यावी, हे अधिक शहाणपणाचे आहे. तलावात उभे केलेले बांबू किंवा ताणलेल्या जुन्या स्वच्छ जाळ्या, आणि चांगल्या चाललेल्या, रोगमुक्त तपासलेल्या तलावातले थोडे पाणी यांनी त्यांची वसाहत काही आठवड्यांत स्वतः उभी राहते. त्यासाठी वेळ लागतो, म्हणून सुरुवात पहिल्या आठवड्यातच करावी लागते.

मालकांनी पावसाळ्यानंतरच्या हंगामासाठी घनता चौरस मीटरला ३० वर आणली आहे, तलाव ३ च्या मध्यभागी निचऱ्याचा खड्डा खोदला आहे, आणि पुडी तलाव १ व ३ मध्ये द्यायची, २ व ४ मध्ये द्यायची नाही, गाळ मात्र चारही तलावांतून सारख्याच अंतराने काढायचा, असे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे.